कॉम्प्रेसर उचलत नाही

जुन्या गाडीचा एसी गार करेनासा झाला की गॅरेजमध्ये दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "गॅस कमी झालाय." दुसरं, "प्रेशर स्विच गेलाय, डायरेक्ट करून देतो." पुष्कळदा दोन्ही एका दमात. यातलं पहिलं खरं असेल तर दुसरं बहुधा खोटं असतं. गॅस उतरल्यावर कॉम्प्रेसर चालू न देणं हेच त्या स्विचचं काम. ते त्याने चोख केलं म्हणून त्याला बाद ठरवायचं, असा हा न्याय.

०

ही टिपणं नव्वदच्या दशकातल्या आणि २००० च्या आगेमागे रस्त्यावर आलेल्या गाड्यांपुरती. डॅशबोर्डवर एसीचं एक बटण, पंख्याचा नॉब, आणि बॉनेटखालच्या वायरी आता सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. माझी गाडी याच वयाची आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे.

०

कंडेन्सरच्या कडेला एक उभी बाटली असते. कोणी तिला ड्रायर म्हणतं, कोणी फिल्टर. तिच्या डोक्यावर, किंवा तिथून निघणाऱ्या बारीक ॲल्युमिनियमच्या पाइपवर, अंगठ्याच्या पेराएवढा स्विच आट्यांवर घट्ट बसवलेला असतो. दोन वायरींचा असेल तर काम एकच: दाब फार खाली गेला किंवा फार वर गेला की सर्किट तोडायचं. चार वायरींचा असेल तर उरलेल्या दोन कंडेन्सरच्या पंख्यासाठी.

आत फार काही नसतं. मध्यभागी फुगीर अशी धातूची पातळ चकती. ठरावीक दाबाला ती टक् करून उलटी वळते आणि काँटॅक्ट जोडते किंवा सोडते. पुन्हा मूळपदावर यायला दाब थोडा मागे यावा लागतो. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. नाहीतर दाब नेमका काठावर असताना कॉम्प्रेसर सतत लागत-सुटत राहिला असता आणि त्याचा क्लच जळाला असता.

आर-१३४ए वर चालणाऱ्या जपानी घडणीच्या गाड्यांत नेहमी दिसणारे आकडे असे: खालची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला २ किलो, म्हणजे मेकॅनिकच्या हिशेबात २८ पाउंड. वरची ३२ किलो, म्हणजे ४५५ पाउंड. काही गाड्यांत ती २७ किलोलाच असते. पंखा लावायची मधली खूण १५.५ किलो, २२० पाउंड. आपल्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. पण हे तीन अंदाज डोक्यात असले की गेजसमोर उभं राहिल्यावर माणूस बावरत नाही.

०

बटण, पंखा चालू असल्याची खूण, कूलिंग कॉइलचा थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच, रिले, शेवटी क्लचची कॉइल. क्रम गाडीगणिक मागेपुढे होतो, पण साखळी हीच. यातल्या कोणीही नाही म्हटलं की कॉम्प्रेसर उचलत नाही, आणि बाहेरून सगळ्यांचा नकार सारखाच दिसतो. म्हणून 'स्विच बदलून बघू' ही पद्धत महाग पडते. स्विच बदलला, रिले बदलला, थर्मोस्टॅट बदलला, आणि शेवटी निघाला फ्यूज, अशी बिलं मी पाहिलेली आहेत.

फ्यूज आधी बघावा. सांगायची गरज नसावी, पण आहे.

०

गाडी बंद असताना गेज लावून, काटा बघून, "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. इंजिन थंड असताना, हाय आणि लो साइड, म्हणजे जास्त आणि कमी दाबाच्या बाजू, सारख्या झालेल्या असताना, गेजवर दिसणारा दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचं तेच: अर्धा रिकामा झाला तरी शेगडीची आच तेवढीच, आणि संपतो तेव्हा एकदम संपतो, पाहुणे आलेले असताना.

आर-१३४ए साठी हिशेब असा: २० अंशांना सुमारे ६८ पाउंड, २५ ला ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. हा तक्ता मी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलाय.

आता स्विचच्या बाजूने विचार करावा. पुण्यात मे महिन्यातल्या सकाळी त्याने दाब २८ पाउंडांच्या खाली गेला म्हणून सर्किट तोडलं असेल, तर गॅस थोडाथोडका कमी झालेला नाही. द्रवाचा थेंब उरलेला नाही. याउलट निम्मा गॅस उडालेली गाडी या स्विचच्या लेखी ठणठणीत असते. कॉम्प्रेसर उचलतो, हवा कोमट येते, आणि स्विचचा काही आक्षेप नसतो. 'स्विच चालू आहे म्हणजे गॅस ठीक आहे' हे अनुमान म्हणूनच फसवं. कमी गॅसची तक्रार तो लवकर करत नाही, आणि करतो तेव्हा कुठेतरी चांगलंच भोक पडलेलं असतं. तिथे नुसता गॅस भरून पाठवणारा माणूस दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढेच पैसे घेणार हे ठरलेलं.

०

तक्त्याचा दुसरा उपयोग. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवावी, सकाळी ऊन लागायच्या आत कंडेन्सरला थर्मामीटर टेकवावं आणि गेज लावावं. तापमान २५ आणि काटा १०० च्या पुढे? मग आत आर-१३४ए एकटा नाही. एक तर हवा शिरलेली आहे, म्हणजे गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम नीट ओढलं गेलं नाही. नाहीतर डब्यावर एक नाव आणि आत दुसरंच काही. बनावट गॅस ही चेष्टा नाही. आर-४० मिसळलेला गॅस ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करतो आणि जे तयार होतं ते हवा लागताच पेटतं. २०११ मध्ये जहाजांवरच्या रीफर कंटेनरांत असा गॅस गेला आणि झालेल्या स्फोटांत माणसं दगावली.

हवा शिरलेल्या सिस्टिममध्ये हाय साइडचा दाब विनाकारण चढतो आणि प्रेशर स्विच वरच्या मर्यादेला सर्किट तोडतो. मग बोल पुन्हा स्विचलाच.

०

दाब २८ पाउंडांवर येतो तो तापमान शून्याच्या आसपास गेल्यावर. म्हणजे जानेवारीतल्या पहाटे मनालीत एमएच पाटीच्या गाडीत काचेवरची वाफ घालवायला एसीचं बटण दाबलं आणि कॉम्प्रेसर उचलला नाही, तर गॅरेज शोधत फिरू नये. गॅस भरपूर असूनही दाबच तेवढा नाही. बॉनेटखाली ऊब आली की उचलेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. तिथे उघड्यावर रात्र काढलेल्या गाडीलाही हे लागू.

०

परदेशी मॅन्युअल वाचून शिकणाऱ्यांची एका ठिकाणी हमखास गफलत होते. जनरल मोटर्स आणि फोर्डच्या जुन्या अमेरिकन गाड्यांत पुष्कळदा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नसतो. त्याच्या जागी बारीक भोकाची एक साधी नळी असते आणि बाटली असते लो साइडला. स्विच त्या बाटलीवर बसतो, लो साइडचा दाब बघतो आणि रोजच्या चालण्यातच कॉम्प्रेसर लावतो-सोडतो. साधारण २५ पाउंडांना सोडायचा, ४५ ला लावायचा. कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये ही जबाबदारीही त्याचीच. अशा गाडीत गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर लागल्यावर लो साइड झटकन २५ च्या खाली जाते, मग सोडतो, मग पुन्हा लागतो. म्हणून तिकडच्या पुस्तकांत ठोकून लिहिलेलं असतं: कॉम्प्रेसर भराभर लागत-सुटत असेल तर गॅस भरा.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्ह असतो, बाटली हाय साइडला असते आणि बर्फाची काळजी थर्मोस्टॅट घेतो. इथे कॉम्प्रेसर भराभर लागत-सुटत असेल तर मला आधी उलटा संशय येतो. दाब वरच्या मर्यादेला पोचतोय, स्विच तोडतोय, पाच-सहा किलो खाली आला की पुन्हा जोडतोय. अशा गाडीत अमेरिकन सल्ल्यावर विसंबून गॅस ठासला तर आजार वाढतो. पाच मिनिटं गेज लावून बसलं तर दोन्हीतला फरक डोळ्यांना दिसतो, पण गॅरेजमध्ये पाच मिनिटं कोणाकडे नसतात.

०

हायवेला गारेगार, चाकणच्या चौकात गरम वारा. चौक सुटला, गाडीने वेग घेतला की पुन्हा गार.

हे दुखणं स्विचचं नव्हे, हवेचं. वेगात समोरून आपोआप वारा मिळतो. उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा देणारा फक्त पंखा. तो आळसावला की हाय साइडचा दाब चढत जातो आणि स्विच आपलं काम करतो. चाळीस अंशांच्या दुपारी हाय साइड २३० ते २६० पाउंड असणं स्वाभाविक आहे. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ वर गेल्यावर २८० पर्यंत गेली तरी घाबरू नये. पण इंजिन नुसतं चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीत काटा ३५० ओलांडून चढतच असेल, तर एक बादली पाणी आणावं आणि कंडेन्सरवर हळूहळू ओतावं. काटा सरसर उतरला आणि केबिन गार झाली की निदान झालं. एवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

पंखा फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नये. किती जोरात फिरतोय ते बघावं. जुन्या मोटरचे ब्रश झिजतात, पंखा फिरतो पण वारा फेकत नाही. कोणत्या दिशेने फिरतोय तेही बघावं. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या तर पंखा गाडीच्या पुढून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पंख्यासमोर कागद धरला की कळतं.

चार वायरींचा स्विच असेल तर पंखा लावणाऱ्या दोन पिना वेगळ्या तपासाव्यात. हाय साइड २२० पाउंडांच्या वर गेल्यावर त्या जोडल्या जायला हव्यात. इथे मात्र स्विच खरोखर दोषी असू शकतो: कॉम्प्रेसरची बाजू ठणठणीत, पंख्याची बाजू मेलेली. एकाच डबीत दोन स्विच आहेत हे विसरलं की अख्खी दुपार वाया जाते.

आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघावं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीत तिथे धुळीची, किड्यांची, सुकलेल्या पानांची गादी असते. पाण्याने धुवावी, पण गाडी धुण्याच्या पंपाचा जोर लावू नये. जाळीची पाती आडवी पडतात आणि मग हवा कायमची अडते.

०

गॅस वजनावर भरायचा असतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. "लो साइडला चाळीस पाउंड आले, झालं" ही पद्धत सर्रास चालते आणि तिच्यात गॅस जास्त भरला जातो. जास्त गॅस म्हणजे हाय साइड चढणार, म्हणजे स्विच सर्किट तोडणार. वजनकाटा लावून भरणारा एसीवाला सापडला तर त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांना देऊन ठेवावा.

०

सकाळी चालतो, दुपारी चालत नाही, संध्याकाळी पुन्हा चालतो. या तक्रारीवर प्रेशर स्विच बदलला जातो, आणि दुरुस्त करून आणलेली गाडी दुसऱ्या दुपारी पुन्हा तशीच.

इथे क्लचची फट बघावी. क्लचची कॉइल तीन-चार ओहमची असते, तीन-चार अँपिअर खाते, चुंबक होते आणि समोरची चकती पुलीकडे ओढते. चकती आणि पुली यांच्यामधली फट नव्या गाडीत साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, प्रवाह घटतो, चुंबक दुबळं होतं आणि वाढलेली फट त्याच्याने ओलांडवत नाही. थंड असताना तोच क्लच टक् करून लागतो.

तपासणी सोपी. एसी बंद पडलेला असतानाच क्लचच्या प्लगवर व्होल्टेज मोजावं. बॅटरीइतकं येत असेल तर त्या क्षणी स्विच, रिले, थर्मोस्टॅट सगळे निर्दोष. मग फीलर गेजने फट मोजावी, आणि चकतीखालची एक पातळ शिम काढली की बहुतेक वेळा भागतं. कामाला अर्धा तास लागतो. इंजिन चालू असताना काठीने चकती ढकलून बघणारे वस्ताद आहेत. बेल्टपाशी हात नेण्याचा तो प्रकार मी कोणाला सुचवणार नाही.

व्होल्टेज साडेनऊ-दहाच येत असेल तर वाटेत कुठेतरी गळती आहे. कोकणातल्या गाड्यांत ती प्लगमध्ये सापडते: खारट हवेने पिना हिरव्या पडलेल्या, वायरीचं तांबं आवरणाच्या आत काळं झालेलं. रत्नागिरीची गाडी घाटावर आली म्हणून ते बरं होत नाही.

०

मल्टिमीटरवर शून्याजवळ ओहम दाखवणारा स्विच चांगलाच असतो असं नाही. मीटर तपासताना नखभर प्रवाह सोडतं. ज्या जुन्या वायरिंगमध्ये क्लचचा प्रवाह रिलेशिवाय थेट प्रेशर स्विचमधून जातो, तिथे काँटॅक्ट जळून खडबडीत झालेले असतात. मीटरला ते जोडलेले दिसतात आणि चार अँपिअर मागितले की हात वर करतात. त्यापेक्षा कॉम्प्रेसर लागलेला असताना स्विचच्या दोन पिनांमधलं व्होल्टेज मोजावं. पाव व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर स्विच गेला. हा निकाल पक्का. मीटर नसेल तर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना जोडून घ्यावा. जुन्या इलेक्ट्रिशियनांच्या खिशात तो असतोच. पावणेदोन अँपिअर खातो, त्यामुळे खोटं चालत नाही.

०

प्लग काढून त्यातल्या दोन पिनांत वायरीचा तुकडा घालायचा, म्हणजे डायरेक्ट. तपासणी म्हणून मला ते मान्य आहे. इंजिन चालू, एसी चालू, वायर घातली, क्लच टक् करून लागला, वायर काढली. दहा सेकंदांचा खेळ. त्यातून एवढंच कळतं की स्विच सोडून बाकीची साखळी शाबूत आहे. स्विच खराब आहे हे त्यातून कळत नाही, कारण गॅस नसलेल्या गाडीतही अगदी हेच घडतं. पुढची पायरी गेज. दाब ठीक असूनही स्विचने सर्किट तोडलेलंच असेल, तेव्हा कुठे स्विचला दोष द्यायचा.

वायर तशीच ठेवून, वर काळी टेप गुंडाळून गाडी परत देणं हा मात्र गुन्हाच म्हणायचा. कॉम्प्रेसरला स्वतःचं वेगळं ऑइल फिरवणारा पंप बहुतेक गाड्यांत नसतो; ऑइल गॅसबरोबर फिरतं. गॅस नाही म्हणजे ऑइल परत येत नाही, आतले पिस्टन कोरडे घासतात, ॲल्युमिनियमचा चुरा होतो आणि तो चुरा कंडेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळीकडे जातो. मग कॉम्प्रेसर एकटा बदलून भागत नाही. वरच्या मर्यादेचं तर बोलायलाच नको. नव्या धर्तीच्या कॉम्प्रेसरवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. जुन्या ड्रायरच्या बाटल्यांवर शंभर अंशांच्या थोडं वर वितळणारा प्लग असायचा. पण ते अखेरचे उपाय. स्विच तिथवर वेळच येऊ देत नाही.

एका गॅरेजमध्ये झालेलं संभाषण:

"काका, गाडी जुनी आहे. एवढं चालतं."

"अरे, कॉम्प्रेसर पण जुनाच आहे ना?"

"हो, म्हणजे ओरिजिनल आहे."

"मग आता मिळेल का ओरिजिनल?"

पोरगा हसला आणि वायर काढली. गेज आणायला मात्र शेजारच्या दुकानात जावं लागलं.

०

तीन वायरींचा प्लग दिसला तर हात मागे. तो स्विच नव्हे, सेन्सर. इंजिनचा कंप्यूटर त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि दाबाप्रमाणे अर्ध्यापासून साडेचार व्होल्टपर्यंतचा सिग्नल परत घेतो. त्यात वायरीचा तुकडा घालून ५ व्होल्ट अर्थला भिडवले, तर त्याच पुरवठ्यावरचे इंजिनचे बाकीचे सेन्सरही आंधळे होऊ शकतात आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. दोन हजारनंतरच्या गाड्यांत हा वाढत गेला, आणि डायरेक्टवाल्यांची पंचाईत होत गेली.

०

खंबाटकी चढताना मध्येच एसी सुटला, माथ्यावर परत लागला. पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला किंवा इंजिन फार तापलं की एसी आपणहून सुटतो, इंजिनाला जोर मिळावा म्हणून. पाणी आणि टेम्परेचरचा काटा बघावा. प्रेशर स्विचला यात ओढू नये.

०

स्विच खरोखर मरतो तेव्हा दोन प्रकारे. काँटॅक्ट जळतात, ते वर आलंच. दुसरा प्रकार बघायला प्लग काढून आत बोट फिरवावं: तेलकट लागलं तर चकतीला चीर गेलेली आहे आणि गॅस ऑइलसकट स्विचच्या पोटातून वर झिरपतोय. नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून लावून थकलेल्यांनी इथे जरूर बघावं. प्लगचं रबर ही गळती आतल्या आत झाकून ठेवतं, त्यामुळे फेसाचे बुडबुडे दिसतच नाहीत.

स्विच खोलण्याआधी मॅन्युअल बघावं. काही गाड्यांत त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबला असतो तसला व्हॉल्व्ह असतो. स्विच फिरवला की तो बंद होतो आणि गॅस आतच राहतो. काहींत नसतो, आणि शेवटचा आटा सुटला की सगळा गॅस तोंडावर. डोळ्याला लागला तर हिमदंशच होतो. अंदाजाने खोलण्याचं हे काम नाही. गॅस आधी मशीनने काढून घ्यावा. बसवताना ओ-रिंग नवी, तिला एसीच्या ऑइलचं बोट, आणि पान्यावर ताकद दाखवायची नाही. खाली ॲल्युमिनियमचे आटे आहेत.

०

पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी दाखवली. तिच्यात प्रेशर स्विच सोडाच, क्लचही नव्हता. इंजिन चालू तर कॉम्प्रेसर चालू. हिवाळ्यात एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून, बेल्ट हाताने काढायचा. सर्वार्थाने डायरेक्ट.

त्यातला गॅस म्हणजे फ्रीऑन, आर-१२. टॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी तो १९२८ च्या सुमाराला शोधला, आणि १९३० मध्ये मिजलीने अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, हे एका फुंकरीत सिद्ध. ओझोनचं प्रकरण पुढे उघडकीला आलं. १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि नव्या गाड्यांतून हा गॅस २००३ पर्यंत हद्दपार झाला.

तरी नव्वदच्या दशकातली एखादी गाडी अजून आर-१२ च्या घडणीची निघते. ओळख सोपी: गॅस भरायच्या तोंडाला बाहेरून आटे असतील तर आर-१२, गुळगुळीत, टच करून बसणारं जाड तोंड असेल तर आर-१३४ए. गॅस बदलताना ऑइलही बदलावं लागतं, कारण जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसबरोबर फिरत नाही. वजनही जुन्याच्या ऐंशी-नव्वद टक्केच भरायचं. आणि आपल्या उन्हाळ्यात आर-१३४ए ची हाय साइड आर-१२ पेक्षा वर जाते, त्यामुळे ज्या गाडीत वरच्या मर्यादेचा स्विच मुळातच नव्हता, तिथे तो आता बसवून घ्यावा. हे काम सगळे टाळतात. जुन्या आट्यांवर नवी तोंडं चढवली, नवा गॅस भरला, स्विच तोच. मग एप्रिलमध्ये सिग्नलला दाब चढतो आणि होज फुटतो.

०

पुण्यात नाना पेठेत स्विच मिळतो, पण जुना हातात घेऊन जावा. आटे, पिना आणि आतला दाब, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. पहिल्या दोन दुकानदार बघतो. तिसरी त्यालाही दिसत नाही. बाहेरून जुळे दिसणारे दोन स्विच आत एक २७ किलोचा, दुसरा ३२ चा निघू शकतो. खोक्यावरचा पार्ट नंबर मॅन्युअलशी जुळला तर घ्यावा, नाहीतर "सेम टू सेम आहे" ऐकून परत फिरावं. नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर असलेला एसीवाला ओळखीचा असेल तर खालची मर्यादा बाकावरच तपासून मिळते. दाब हळूहळू चढवायचा, तीस पाउंडांच्या जवळपास टक् आवाज येतो आणि बल्ब लागतो. वरच्या मर्यादेची अशी चाचणी हौसेने करू नये.

०

जुनी गाडी विकत घ्यायला जाणाऱ्यांसाठी. मालक एसी लावून दाखवेल, हवा गारही येईल. बॉनेट उघडायला सांगावं आणि ड्रायरजवळचा प्लग शोधावा. प्लग स्विचवर बसलेला नसून बाजूला टेपमध्ये गुंडाळलेला असेल, किंवा दोन वायरी एकमेकींना पिळून जोडलेल्या असतील, तर कूलिंगचं कौतुक तिथेच थांबवावं. गाडी तशी किती दिवस चाललीय हे मालक सांगणार नाही, बहुधा त्यालाही माहीत नसेल. कॉम्प्रेसर, ड्रायर, व्हॉल्व्ह आणि फ्लशिंगचा खर्च धरून किंमत सांगावी. आणि टेप उलगडून टोकं बघावीत. तांबं अजून लालसर असेल तर काम नुकतंच झालंय, कदाचित तुम्ही बघायला येणार म्हणूनच.